दोन लिप्यांतले नाव

‘माझी मातृभाषा’ या विषयावर निबंध लिहायचा होता, आणि आपली मातृभाषा कोणती हेच त्या मुलीला ठरवता येत नव्हते. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर राहते. नववीत आहे. वडील उत्तर प्रदेशातल्या प्रतापगड जिल्ह्यातले, वालीवच्या एका गाळ्यात मशीनवर काम करतात. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी विषय सक्तीचा. इमारतीत मी जुनी कागदपत्रे वाचणारा म्हणून ओळखला जातो, त्यामुळे मराठीची अडचण आली की मुले माझ्याकडे येतात.

“घरी काय बोलता?” मी विचारले.

“हिंदी. म्हणजे आजी देहाती बोलते. पण ती भाषा नाही ना, काका. गावाकडचं बोलणं आहे ते.”

तिची आजी अवधी बोलते. तुलसीदासांनी ‘रामचरितमानस’ ज्या भाषेत लिहिले ती ही भाषा, असे मी सांगितले तेव्हा तिला वाटले मी थट्टा करतो आहे. मग तिने जे सांगितले ते मात्र थट्टेचे नव्हते. वर्गात भांडण झाले की तिला ‘भय्यानी’ म्हणतात. सुट्टीत गावी गेली की चुलत भावंडे ‘बंबईवाली’ म्हणून चिडवतात, तिच्या बोलण्यात मराठी शब्द आला की हसतात. तिच्या धाकट्या भावाने यावर सोपा उपाय काढला आहे. तो आजीशी बोलतच नाही.

हा उपाय मला परका नाही. माझे वडील सावंतवाडीकडचे. आमच्या घरात मालवणी होती. चौथीत असताना वर्गात तोंडून ‘खय’ निघून गेले म्हणून मला बाकावर उभे केले होते. त्या गुरुजींना मी आता दोष देत नाही, त्यांना तसेच शिकवले गेले असणार. पण माझा मुलगा झाला तेव्हा मी ठरवून घरात मालवणी बंद केली, हा दोष मात्र कोणा गुरुजींचा नाही. आज तो पुण्यात नोकरी करतो, उत्तम प्रमाण मराठी बोलतो, आणि गावच्या काकीचा फोन आला की तो माझ्याकडे देतो.

त्या मुलीला त्या संध्याकाळी मी काही धड सांगू शकलो नाही. पण गेली अनेक वर्षे ज्या एका समाजाचा मी माझ्यापरीने अभ्यास करतो आहे, त्याच्यासमोर हाच प्रश्न किमान दोनदा उभा राहिला होता, हे रात्री लक्षात आले. एकदा तो प्रश्न मुंबईत आला, एकदा इस्रायलमध्ये. एकदा त्यांना उत्तर सापडले, दुसऱ्यांदा अर्धेच सापडले. तो समाज म्हणजे कोकणातले बेने इस्राएल.

या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगतो, कारण मी पदवीधर इतिहासकार नाही. तेवीस वर्षे मी मस्जिद बंदरला एका मालवाहतूक पेढीत हिशेब लिहिले. वसई रोडहून दादर, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वे, मग मस्जिद स्टेशन. जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला निघालो की सॅम्युएल स्ट्रीटवर यहुद्यांचे एक जुने प्रार्थनामंदिर लागे. 1796 साली ते बांधले समाजी हसाजी दिवेकर यांनी. इंग्रजी पुस्तकांत हेच गृहस्थ सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणून भेटतात. ते कंपनी सरकारच्या पलटणीत होते. टिपूच्या कैदेतून जीव वाचला म्हणून त्यांनी हे मंदिर बांधले, असे समाजाची परंपरा सांगते. बेने इस्राएल लोक आपल्या मंदिराला ‘मशीद’च म्हणत, आणि स्टेशनचे नावही त्यावरूनच पडले असे अनेक जण मानतात.

मला त्या माणसाच्या नावाने पकडून ठेवले. शमुवेलचा समाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. त्याला मराठी ‘जी’ लागला, पुढे गावाचे नाव आणि ‘कर’. हे नाव कुळकर्ण्याच्या वहीत खपून जाई, आणि घरात त्याचा मूळ अर्थही शाबूत राही. आपण आज मुलांची नावे ठेवताना दोन्हीकडे चालेल असे नाव शोधतो, परदेशातले मराठी आईबाप तर फारच शोधतात. कोकणातल्या तेल्यांनी हे काम कोणत्याही पुस्तकाशिवाय केले होते.

त्यांची मूळकथा बहुतेकांना ठाऊक असेल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना नवगावला पुरले. काळाबद्दल विद्वानांत एकमत नाही आणि मला त्या वादात पडायचे नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढचे. जहाजाबरोबर ग्रंथ गेले. काही पिढ्यांत हिब्रू भाषाही गेली. उरले ते शनिवारी घाणा बंद ठेवणे, आठव्या दिवशी मुलाची सुंता, पर आणि खवले असलेलीच मासळी खाणे, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. नाव बघा: धंद्याने तुम्ही आमच्यातले, वाराने वेगळे. त्यात तिरस्कार नाही, निव्वळ नोंद आहे. बेने इस्राएलांवर धर्मापायी कोकणात कधी हल्ले झाले नाहीत, हे त्यांचेच लेखक आवर्जून सांगतात.

अडचण सुरू झाली ती मुंबईत, एकोणिसाव्या शतकात. पलटणीत, गोदीत, कचेऱ्यांत नोकऱ्या मिळू लागल्या तशी कुलाबा जिल्ह्यातली खेडी सोडून कुटुंबे मुंबईला आली. म्हणजे आधी समुद्रावरून आलेले लोक आता पुन्हा एकदा स्थलांतरित झाले. खेड्यात शनवार तेली म्हटले की भागत असे. मुंबईत दुसरे यहुदी भेटले. बगदादकडून आलेले श्रीमंत व्यापारी अरबी बोलत आणि त्यांना हिब्रू ग्रंथ येत. त्यांना हे मराठी बोलणारे, नऊवारी नेसणाऱ्या बायकांचे यहुदी खरे वाटेनात. 1836 साली बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की यहुद्यांच्या दफनभूमीत आमच्या आणि यांच्या थडग्यांमध्ये भिंत घालून द्यावी. मेल्यावरही भिंत. त्या काळातल्या सोळा-सतरा वर्षांच्या बेने इस्राएल मुलाच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. मराठी शेजाऱ्यांसाठी तो यहुदी, यहुद्यांसाठी कोकणी.

अशा वेळी समाजाचे म्हातारे सहसा दोनपैकी एक रस्ता धरतात. मराठी सोडा, पक्के यहुदी व्हा, असे एक टोक सांगते. दुसरे म्हणते, काय तो जुना धर्म, इथल्यांसारखे होऊन जा. दोन्ही रस्ते दाखवणारी माणसे तेव्हाही होती. पण झाले ते वेगळेच, आणि त्याची सुरुवात गमतीदार आहे.

ख्रिस्ती मिशनऱ्यांना या समाजात फार रस होता. जुन्या कराराचे लोक, तेव्हा नवा करार पटायला वेळ लागणार नाही, असा त्यांचा हिशेब. अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या, स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन 1829 साली मुंबईत आले आणि त्यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. मुले शाळेत गेली. पुस्तके घेतली, व्याकरण घेतले, बायबलच्या जुन्या कराराचे मराठी भाषांतर घेतले, आणि धर्म मात्र बदलला नाही. फार थोडे ख्रिस्ती झाले. बाकीच्यांना मिशनऱ्यांनी, नकळत, अधिक चांगले यहुदी करून सोडले. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी विधी शिकवले होते, पण त्या विधींचा अर्थ पहिल्यांदा कळला तो मराठीतून. परंपरा जिथे होती तिथे भाषा नव्हती, आणि भाषा आली ती परक्या हेतूने. इतिहासात असे हिशेब बरेचदा चुकतात, आणि ते चुकलेलेच बरे.

पुढे हे काम समाजाने स्वतःच्या हातात घेतले. वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायचा ग्रंथ म्हणजे हग्गादा. मिसरातून सुटकेची ती कथा. त्या रात्री घरातल्या सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी उत्तरे द्यायची, अशी रीत आहे. 1846 साली मुंबईत हा हग्गादा मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापला गेला. याचे महत्त्व माझ्या उशिरा लक्षात आले. मुलाने प्रश्न विचारायचा म्हणजे त्याला प्रश्न कळायला हवा. हिब्रूत पाठ केलेला प्रश्न हा नुसता पाठांतराचा तुकडा असतो. मराठीत विचारला की तो त्या मुलाचा प्रश्न होतो.

1874 साली पुण्यात निघालेल्या हग्गादाची चित्रे मी छापील प्रतिकृतीत पाहिली. युरोपातल्या जुन्या आवृत्त्यांवरून ती बेतली आहेत, पण बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या वेशात, आपल्याकडच्यासारख्या जमिनीवर बसून काम करताना दाखवल्या आहेत. चित्रकाराने केले एवढेच, की वाचणाऱ्या मुलीला त्या पोथीत आपली आई दिसावी.

या सगळ्याचे मुख्य माणूस जोसेफ इझिकेल राजपूरकर, 1834 ते 1905. डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक. ससून हे बगदादी. ज्या गटाने थडग्यांमध्ये भिंत मागितली होती, त्या गटातल्या सर्वांत बड्या घराण्याच्या शाळेत बेने इस्राएल माणूस मुख्याध्यापक झाला. राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके एकामागून एक मराठीत आणली. त्यांच्या भाषांतरांविषयी विद्वान काय म्हणतात ते मी वाचले आहे, शब्दशः आहेत, बोजड आहेत वगैरे. असतील. माझे हिब्रू सेहेचाळिसाव्या वर्षी बालबोध पुस्तकावरून शिकलेले, अक्षर लावण्यापुरते. मी त्यांचे परीक्षण करणार नाही. पण एक गोष्ट मला दिसते: त्यांनी मुलांना मराठीतून उचलून हिब्रूत नेले नाही, हिब्रूला मराठीत आणून बसवले. मुलगा आपल्या जागी राहिला आणि दुसरा वारसा चालत त्याच्याकडे आला.

दुसरे नाव हाईम सॅम्युएल केहिमकर. त्यांनी 1875 साली मुंबईत समाजाची शाळा काढली. हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा तिथे शिकवल्या जात. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत मिळे. हीच शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली गेली. 1922 ते 1950 या काळात तिच्या मुख्याध्यापिका होत्या रिबेका रूबेन, ज्या 1905 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या. केहिमकरांनी समाजाचा मोठा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो 1897 मध्ये पुरा झाला, पण छापला गेला 1937 साली, तेल अवीवमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. आपल्याकडे हस्तलिखितांचे नशीब असेच.

आणि मग कीर्तन. मला विचाराल तर या साऱ्या प्रकरणातली सर्वांत धाडसी गोष्ट ही. 1880 च्या सुमारास बेंजामिन सॅमसन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी यहुदी कीर्तने सुरू केली. मराठी कीर्तनाचा सगळा साज: पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, आर्या, पेटी आणि टाळ. कथा मात्र अब्राहामाची, योसेफाची, मोशेची. कीर्तन हिंदूंचे म्हणून अडून बसणारे समाजात कोणी नसेल असे मला वाटत नाही. तरी ते चालले, रुजले, त्याच्या पुस्तिका निघाल्या. मुलांना घरात बसवून धर्म शिकवला की ती कंटाळतात, हे तेव्हाच्या लोकांनाही कळत होते. कीर्तनाला शेजारची मराठी माणसेही येऊन बसू शकत, त्यांना ते समजे. आपली गोष्ट शेजाऱ्यालाही ऐकावीशी वाटते, हे मुलाने डोळ्यांनी पाहिले की त्याला तिची लाज वाटत नाही. प्रार्थनापुस्तकाने जे घराच्या आत केले ते कीर्तनाने अंगणात केले.

रायगड जिल्ह्यातल्या एका गावच्या बेने इस्राएल दफनभूमीत मी दोनदा गेलो आहे. सर्वांत जुने दगड कोरे आहेत, घडवलेलेही नाहीत. मग हळूहळू अक्षरे दिसू लागतात, आणि पुढच्या दगडांवर एकाच माणसाचे नाव वर हिब्रूत, उजवीकडून डावीकडे, आणि खाली देवनागरीत, डावीकडून उजवीकडे. ‘कर’ने संपणारे. थडग्यांमधल्या भिंतीचा अर्ज वाचल्यावर हे दगड पाहावेत.

या पिढ्यांतून काय माणसे निघाली ते थोडक्यात सांगतो. गांधीजींच्या उपासांच्या वेळी त्यांची प्रकृती पाहणारे डॉ. अब्राहम एरुलकर हे बेने इस्राएल. 1937 साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस, म्हणजे एलिजा मोझेस राजपूरकर. महालक्ष्मीकडून वरळीला जाताना त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून लाखो लोक जातात, बहुतेकांना ते इंग्रज वाटतात.

इथवर गोष्ट चांगली झाली. दुसरा भाग तसा नाही.

1948 साली इस्रायल झाले. तेव्हा भारतात वीसेक हजार बेने इस्राएल असतील. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक निघून गेले. कोणी हाकलले नव्हते. धर्माची ओढ होती, नातेवाईक पुढे गेले होते, इंग्रज गेल्यावर रेल्वेतल्या नि पोस्टातल्या नोकऱ्यांची खात्री राहिली नव्हती. तिकडे त्यांना बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा ठिकाणी घरे मिळाली. दिमोना तर आजही ‘छोटा भारत’ म्हणून ओळखले जाते. पण वाळवंटाच्या कडेला मुंबईचा कारकून काय करणार? 1951 च्या अखेरीस बीरशेबामधल्या काही कुटुंबांनी आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून तेल अवीवमध्ये धरणे धरले. वर्णामुळे आम्हाला कमी लेखतात, ही त्यांची तक्रार होती. 1952 मध्ये त्यांना खरोखरच परत आणले गेले. त्यांतले पुष्कळ काही काळाने पुन्हा इस्रायलला गेले. इकडे आल्यावर कळले की मुंबईही आता आपली राहिलेली नाही. स्थलांतरिताला परतीचे तिकीट मिळते, परतीचे गाव मिळत नाही, हे कोकणातल्या चाकरमान्याला वेगळे सांगायला नको.

मग 1962 साल. इस्रायलमध्ये यहुद्यांचे लग्न धर्मगुरूंच्या व्यवस्थेतूनच नोंदले जाते. मुख्य धर्मपीठाने आदल्या वर्षी बेने इस्राएलांशी विवाह करायला हरकत नाही असा निर्णय दिला होता. पण फेब्रुवारी 1962 मध्ये नोंदणी करणाऱ्यांना सूचना गेल्या, की या समाजातले कोणी दुसऱ्या यहुद्याशी लग्न करायला आले तर त्याच्या आईची, आजीची, जेवढे मागे जाता येईल तेवढी चौकशी करावी, मध्ये कोणी परधर्मीय मिसळलेले नाही ना ते पाहावे. ही चौकशी फक्त बेने इस्राएलांची. कोकणातल्या आज्जीची आज्जी यहुदी होती याचा पुरावा बीरशेबामधल्या बावीस वर्षांच्या मुलाने कुठून आणायचा? कोरे दगड नेऊन दाखवायचे?

ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, त्यांना तिकडे ‘होदिम’ म्हणू लागले, म्हणजे हिंदी. इथे वाराने वेगळे, तिथे देशाने.

दोन वर्षे निदर्शने चालली. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये कुटुंबांनी ठाण मांडले. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेचे खास अधिवेशन भरले, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे तिने ठरावाने सांगितले, आणि महिनाअखेर धर्मपीठाने सूचनांमधून त्यांचे नाव काढले. आज वाचताना हे प्रकरण लांबचे वाटते. पण फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या वसईचे, जन्म नंदाखालचा. ‘सुवार्ता’ मासिकातून आयुष्यभर मराठीत लिहीत आले. उस्मानाबादच्या 2020 सालच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या निवडीलाही काहींनी विरोध केला होताच. वसईतल्या ख्रिस्ती गावांत घरात कादोडी, चर्चमध्ये मराठी, आणि आडनाव पोर्तुगीज, असे चालत आले आहे. तरी पुरावा मागणारा निघतोच.

1964 च्या ठरावाने लग्नाचा प्रश्न सुटला. मुलांचा सुटला नाही. इस्रायल सरकारचे तेव्हाचे धोरण सगळ्या देशांतून आलेल्यांना एका मुशीत ओतण्याचे होते. शाळेत हिब्रू, सैन्यात हिब्रू. आता पारडे उलटले होते. शंभर वर्षांपूर्वी मुलाची भाषा मराठी होती आणि हिब्रू वारसा त्याच्याकडे आणायचा होता. आता मुलाची भाषा हिब्रू झाली होती आणि मराठी वारसा त्याच्याकडे आणायचा होता. म्हणजे राजपूरकरांचेच काम उलट्या दिशेने करायला हवे होते.

ते पुरेसे झाले नाही, असे माझे मत आहे. ते मी दुरून मांडतो आहे, तेव्हा चूक असेल तर तिकडच्या मंडळींनी सुधारावी. मराठी जपण्याचे प्रयत्न मोठ्या जिद्दीने झाले. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक फ्लोरा सॅम्युएल, नोहा मस्सील अशा मंडळींनी वर्षानुवर्षे पदरमोड करून चालवले. भारतातल्या किती मराठी वस्त्यांना हे जमते? पण मराठीतले मासिक हे ज्यांना देवनागरी येते त्यांच्यासाठी असते. तिथे जन्मलेल्या मुलाला ती अक्षरे म्हणजे आजोबांच्या कपाटातली नक्षी. एकोणिसाव्या शतकात मोठ्यांनी मुलाच्या भाषेत जायचे कष्ट घेतले होते. इथे मुलाने आपल्या भाषेत यावे अशी अपेक्षा राहिली.

उरले काय तर मलिदा. पोहे, गूळ, नारळाचा चव, फळे, एलियाहू हनाबीचे नाव घेऊन केलेला नवसाचा प्रसाद. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू संदेष्टा येऊन गेला, त्याच्या रथाच्या चाकाची खूण खडकावर आहे, अशी श्रद्धा आहे. इस्रायलमध्ये गेल्यावर हैफाजवळची एलियाहूची गुहा त्यांना सापडली, आणि पोह्यांचे ताट तिकडे निघाले. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही यहुद्यांकडे हा विधी नाही. लग्नाआधीची मेंदी उरली. दिमोना आणि अश्दोदमध्ये क्रिकेट उरले. बायकांची भजनी मंडळे उरली, त्यांत मराठी गाणी अजून म्हणतात. हे सगळे का टिकले? कारण यांतल्या कशालाच लिपी लागत नाही. हाताने, जिभेने, कानाने ते नातवंडांपर्यंत जाते. ज्याला वाचावे लागत होते ते मागे राहिले.

मी ही सगळी माहिती त्या मुलीला सांगितली नाही. नववीतल्या मुलीला 1962 ची परिपत्रके कशाला? दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी एवढेच म्हणालो, की निबंध मराठीतच लिही, पण आजीच्या भाषेवर लिही. आजीला विचारून. तिला ते पटले की नाही कळले नाही. वही घेऊन गेली.

निबंधाला दहापैकी पाच गुण मिळाले. ‘विषय मराठी भाषेचे महत्त्व असा घ्यावयास हवा होता’, असा शेरा होता. जनगणनेतही अवधी हिंदीच्या पोटात मोजतात, तेव्हा एकट्या शिक्षकांना काय बोलणार? तिला वाईट वाटले, मला जास्त वाटले, कारण सल्ला माझा होता.

पण वही थांबली नाही. आता तिच्यात दोन रकाने आहेत. डावीकडे आजीचा शब्द, उजवीकडे मराठी. भिनसार म्हणजे पहाट. ऊख म्हणजे ऊस. नीक म्हणजे छान. दोन्ही बाजू देवनागरीतच, तेवढी तिची सोय आहे. भाऊ अजून आजीशी फारसा बोलत नाही, पण मराठी शब्द अडला की तो तिथूनच ओरडून सांगतो. परवा आमच्याकडे फराळाचे ताट घेऊन तिघे आली होती. आजीने माझ्या बायकोला विचारले, की ‘नइहर’ला तुमच्यात काय म्हणतात. नातीने आधीच सांगितले, माहेर. म्हातारीने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि मग दोघी बराच वेळ आपापल्या माहेराबद्दल बोलत बसल्या, एक अवधीत, एक मालवणीत. माझ्या बायकोचे मालवणी मी वीस वर्षांनी ऐकत होतो.

त्या रात्री मीही एक वही काढली. ‘झील’ म्हणजे मुलगा, इथून सुरुवात केली. ‘चेडू’, ‘गजाल’, ‘कित्याक’ असे अकरा शब्द झाले. पानाचा फोटो काढून पुण्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे उत्तर आले: गजालमधला ल कसा म्हणायचा, बोलून पाठवा.